हप्ता थकला आणि फोनला कुलूप लागलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे तिशीच्या आतले कास्तकार आहेत, वडिलांसोबत सहा एकर कोरडवाहू करतात. एप्रिलमध्ये त्यांनी तालुक्याच्या दुकानातून १५,४९९ रुपयांचा फोन हप्त्यावर घेतला. ४,००० रोख दिले, बाकीचे १,४५० रुपयांचे नऊ हप्ते. पाच हप्ते वेळेवर गेले. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन हातचं गेलं, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते राहिले. ९ नोव्हेंबरच्या सकाळी फोन हातात घेतला तर पडद्यावर लाल पाटी होती, ‘थकबाकी भरा’. त्या पाटीमागचं काहीच उघडत नाही. कंपनीचा नंबर आणि ११२, एवढेच दोन फोन लागतात. वसुलीवाल्याने बहिणीच्या सासरीही फोन केला. आता ४,२०० रुपये मागतात. कापूस विक्रीची नोंदणी त्याच फोनवरून केलेली. श्रावणात वारलेल्या आईच्या ओव्यांचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंगही त्यातच अडकलं आहे. अमरावतीला एक जण बाराशे रुपयांत कुलूप तोडून देतो म्हणतात. वडील म्हणतात, “कर्ज काढलं तं सोसाच लागते बाबू.” पत्राची शेवटची ओळ अशी आहे: “ताई, चूक माझीच हाय. मंग मी बोलू कोन्या तोंडानं? कुलूप तोडू, का गपचूप भरू, का हा फोन फेकून साधा बटनाचा घेऊ?”

भाऊ,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. फोनच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. त्यात टाचणी दाबली की सिमचा ट्रे बाहेर येतो. ते सिम काढा आणि वडिलांच्या बटनाच्या फोनमध्ये घाला. जुन्या फोनची खाच मोठी असेल तर कुठल्याही मोबाईलच्या दुकानात सिमचं ॲडॅप्टर चिल्लर पैशांत मिळतं. कुलूप फोनला लागलं आहे, तुमच्या नंबरला नाही. कापसाच्या स्लॉटचा, म्हणजे केंद्रावर माल न्यायच्या ठरलेल्या वेळेचा मेसेज, ओटीपी, बँकेचे मेसेज, सगळं त्या नंबरवर येतं. सरकारी कापूस खरेदीचं ‘कपास किसान’ ॲप शेजाऱ्याच्या फोनमध्ये घेऊन तुमच्या नंबरने आत जा आणि तारीख बघून घ्या. काम झालं की त्या फोनमधून बाहेर पडायला विसरू नका. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला आहे, मध्यम धाग्याचा ७,७१०. खेडा खरेदीवाला दारात येऊन किती खाली मागतो ते मी तुम्हाला सांगायला नको. क्विंटलमागे पाचशेच कमी धरले तरी दहा क्विंटलला पाच हजार जातात. तुमचे दोन थकलेले हप्ते २,९०० रुपयांचे आहेत. म्हणून आधी स्लॉट, मग बाकीचं.

आणि अमरावतीला जाऊ नका. कारण कायद्याचं नाही, आईचं आहे.

आताच्या फोनमध्ये फोटो, आवाज, मेसेज हे जसेच्या तसे पडलेले नसतात. ते सांकेतिक करून ठेवलेले असतात. ती माहिती उलगडणारी किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये असते आणि तुमचा पिन टाकल्याशिवाय ती चालत नाही. कुलूप तोडून देणारे लोक बहुतेक वेळा फोन पूर्ण पुसतात आणि नव्याने भरतात. पुसताना सगळ्यात आधी ती किल्लीच नष्ट होते. बाराशे रुपयांत फोन चालू होईलही, पण त्या अकरा मिनिटांच्या ओव्या जगातला कुठलाही कारागीर परत आणू शकणार नाही. त्याच कारणासाठी घरीसुद्धा आवाजाची आणि पॉवरची बटणं एकत्र दाबून ‘फॅक्टरी रीसेट’ करून बघण्याच्या फंदात पडू नका. कुणी म्हणालं ‘करून तं पाह्य’, तरी नाही. शिवाय अशी कामं करणारे काही जण फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांकच बदलून देतात. तो बदलणं २०२३च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या दोन हप्त्यांच्या भानगडीत तेवढं ओझं कशाला घ्यायचं?

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. ‘चूक माझीच हाय, बोलू कोन्या तोंडानं’ हे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलं आहे, वेगवेगळ्या शब्दांत.

मी लहान होते तेव्हा आमच्या घरी वसुलीची माणसं आली होती. वडिलांचं सोसायटीचं कर्ज थकलं होतं. ती माणसं ओसरीवर बसली, चहा घेतला आणि एकेक वस्तू कागदावर लिहू लागली. सायकल, पितळेचा गुंड, आईची शिलाई मशीन. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते. आमची बैलजोडी आत होती आणि ते तिलाही लिहून नेतील म्हणून मला रडू कोसळलं होतं. त्यातला एक जण गोठ्यात डोकावला आणि तसाच मागे फिरला. रात्री मी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, “जोडी नेली तं मी फेडू कायनं?”

पुढे कळलं की ही गोष्ट कायद्यातही लिहिलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची, इंग्रजांच्या काळातली. तिच्या कलम ६० मध्ये कोर्टाच्या हुकुमानेही जप्त करता येत नाहीत अशा वस्तूंची यादी आहे. कारागिराची हत्यारं त्यात आहेत. शेतकऱ्याची शेतीची अवजारं आहेत, आणि पोट भरण्यासाठी लागणारी जनावरं आणि बियाण्याचं धान्य आहे. कर्ज खरं, बुडवणाऱ्याची चूक खरी, सावकाराचा हक्कही खरा, तरी ज्या हाताने कर्जदार ते फेडणार आहे तो हात तोडायचा नाही, एवढी समज त्या परक्या सरकारलाही होती.

हे कलम तुमच्या फोनला लावता येत नाही, हे स्पष्ट सांगते. ते कोर्टाच्या जप्तीबद्दल आहे, आणि तुमचा फोन कर्जाला तारण आहे. पण त्या कलमामागचा विचार घ्या आणि आपल्या घराकडे बघा. ई-पीक पाहणी फोनवर. हमीभावाने कापूस विकायचा तर नोंदणी फोनवर, स्लॉट फोनवर. मजुरांचे पैसे फोनवर. पाच वर्षांपूर्वी फोन ही हौस होती असं कुणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. आज तो तिफणीच्या आणि वखराच्या रांगेत जाऊन बसला आहे. तोच बंद केला तर हप्ता फेडायला लागणारा कापूस विकायचा कशाने?

तेव्हा चूक आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या करा. हप्ता चुकला, ही तुमची बाजू. त्याचे पैसे द्यायचे आहेत, वाजवी दंडही द्यायचा आहे. पण हप्ता चुकल्यामुळे तुमचं बोलण्याचं तोंड जात नाही. वडिलांनाही हे सांगा, पण वाद घालून नाही. त्यांच्या पिढीने सावकाराच्या ओट्यावर मान खाली घालून उभं राहण्याचा जो अनुभव घेतला तो त्या एका वाक्यात आहे. ‘सोसाच लागते’ हे त्यांनी हौसेने शिकलेलं नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की सही केली म्हणजे सगळं मान्य केलं. तुम्ही लिहिता, “दुकानदारानं टॅबवर बोटानं सही घेतली, मराठीत काहीच नव्हतं.” कर्ज देणाऱ्या संस्थांना रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कागद सक्तीचा केला आहे. त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. कर्ज किती, वर्षाचा खरा दर किती, कोणकोणते आकार लागणार, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं त्यात असतं आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. त्या कागदात नसलेला कुठलाही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. थकलेल्या हप्त्याचा दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायलाही बंदी आहे.

मी तुमच्या पत्रातले आकडे वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहिले. चार हजार रोख आणि १,४५० गुणिले नऊ, म्हणजे १३,०५०. एकूण १७,०५०. फोनची किंमत १५,४९९. म्हणजे ‘बिनव्याजी’ म्हणून विकलेल्या फोनवर तुम्ही १,५५१ रुपये जास्तीचे देत आहात. आता ४,२०० मागतात, त्यातले हप्त्यांचे २,९०० सोडले तर वरचे १,३०० कशाचे? तुम्ही लिहिलंय, ‘बाउन्सचे पाचशे-पाचशे आणि लॉक काढायचे तीनशे.’ कुलूप त्यांनी लावलं आणि काढायची मजुरी तुमच्याकडून, हे कुठल्या कागदावर लिहिलं आहे ते त्यांना दाखवू द्या.

कंपनीची बाजूही मी मांडते, कारण ती खोटी नाही. तुमच्याकडून त्यांनी सातबारा मागितला नाही, जामीनदार मागितला नाही, दहा मिनिटांत फोन हातात दिला. सोसायटीने किंवा बँकेने फोनसाठी तुम्हाला दारात उभं केलं नसतं. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही त्यांना कर्ज मिळतं ते या कुलपाच्या जोरावर, असं कंपन्या म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली होती की अशा कुलपांना परवानगी द्यायची तर कर्जदाराची आधी संमती घ्यावी आणि बंद फोनमधल्या खाजगी माहितीला हात लावू नये, अशा नियमांचा रिझर्व्ह बँक विचार करते आहे. म्हणजे प्रश्न संमतीचा आहे हे तिकडेही कळलेलं आहे. दुकानदाराने तुम्हाला फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे ते सांगितलं. बॅटरी किती तास चालते ते सांगितलं. ‘दोन हप्ते चुकले तर हा फोन दुरून बंद करू’ हे सांगितलं का? त्या वाक्यासाठी अर्धा मिनिटही लागला नसता.

बहिणीच्या सासरी गेलेल्या फोनबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे. मला तीच सगळ्यात जास्त लागली. सासरी नांदणाऱ्या मुलीच्या दारात माहेरच्या कर्जाची वार्ता पोचवणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यावर नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या आदेशाप्रमाणे वसुलीसाठी कर्जदाराच्या घरच्यांना, नातेवाइकांना, मित्रांना त्रास देता येत नाही, त्यांच्या खाजगी आयुष्यात शिरता येत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. आणि कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली नावनंबरांची यादी घेण्याचीच मुळात परवानगी नाही. मग बहिणीचा नंबर त्यांच्याकडे कुठून आला? अर्ज भरताना तुम्ही स्वतः दिला असेल तर गोष्ट वेगळी, तरीही तिला छळण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. बहिणीला सांगा, तो कॉल फोनमधून पुसू नकोस. तारीख, वेळ, नंबर दिसेल असा फोटो काढून ठेव. तुमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा तोच असेल.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर पैसे भरा. पण गपचूप नका भरू. आधी कंपनीकडे लेखी हिशोब मागा, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर, शेजाऱ्याच्या फोनवरून का होईना. चार ओळी पुरेत: माझा कर्ज क्रमांक हा, माझे दोन हप्ते थकले आहेत ते मी भरायला तयार आहे, वरच्या १,३०० रुपयांचा तपशील आणि माझ्या सहीचा करार मला मराठीत द्या, अमुक तारखेला तुमच्या माणसाने माझ्या बहिणीला फोन केला त्याचं स्पष्टीकरण द्या. त्याच पत्रात विचारा, की आज एक हप्ता भरला आणि दुसरा कापसाचे पैसे खात्यात आल्यावर भरला तर कुलूप काढाल का? अशी विनंती कधी कधी मान्य होते, पण ती लेखी असली तर. तोंडी ‘हो’ म्हणणारा माणूस पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

हिशोब येईपर्यंत थांबवत नसेल, आणि आईच्या रेकॉर्डिंगसाठी थांबवू नये असं तुम्हाला वाटत असेल, तर पूर्ण ४,२०० भरा आणि भरल्यावर लगेच लिहून पाठवा की वरची रक्कम मी तक्रार कायम ठेवून भरली आहे. पैसे फक्त कंपनीच्या अधिकृत ॲपवर, वेबसाइटवर किंवा पावती देणाऱ्या दुकानात भरा. वसुलीवाला स्वतःचा क्यूआर कोड पुढे करील. त्यावर एक रुपयाही टाकू नका. तो पैसा तुमच्या खात्यावर जमा झाला नाही तर कुलूप तसंच राहील आणि तुम्ही पुन्हा थकबाकीदार.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस नावाच्या त्यांच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरता येतो, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. दुकानदाराने कुलपाबद्दल सांगितलंच नाही, ही तक्रार ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला करा, तिथे मराठीत बोलता येतं. तिथूनही निघालं नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथेही फी नाही, मुदत दोन वर्षांची. एवढ्याशा फोनसाठी आयोगात जावंच असं मी म्हणत नाही. तुमचं शेत, तुमचे दिवस, तुमची एसटीची भाडी, हे तुम्ही मोजा. पण पहिल्या दोन पायऱ्या घरी बसून होतात आणि त्या चढल्याच पाहिजेत, कारण तुमच्या तालुक्यात त्याच दुकानातून तसाच फोन घेतलेले आणखी कितीतरी जण आहेत.

‘फोन फेकून बटनाचा घेऊ का’, हाही तुमचा प्रश्न आहे. त्यामागचा संताप मला कळतो. पण फोन फेकल्याने कर्ज फिटत नाही, हप्ते चालूच राहतील. आणि बटनाच्या फोनवर कापसाचा स्लॉट कसा लावाल? दर वेळी शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागेल. एका माणसाने फोन टाकून दिला तर स्वतंत्र कमी आणि मिंधा जास्त होतो, अशी आज गावाची अवस्था आहे.

आपल्या भागाने हे एकदा पाहिलेलं आहे. माझ्या आजीच्या घरी तुरीचं आणि ज्वारीचं बियाणं गाडग्यात राख घालून, तोंड शेणामातीने लिंपून ठेवलेलं असायचं. मृगाच्या तोंडावर ते लिंपण फोडायचं काम तिचं. बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि संकरित वाणाचं पाकीट घराघरात आलं. बोंडअळीपासून तेव्हा सुटका मिळाली, हे खरं आहे. पण संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसं पीक येत नाही. त्यामुळे दर मृगाला दुकानाची पायरी चढणं आलं. पीक वावरात आपलं, आणि त्याची किल्ली दुकानात. कायद्याने शेतकऱ्याचा हक्क काढून घेतलेला नाही. २००१च्या पीक वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलासुद्धा आपण मोकळे आहोत, फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. हक्क कागदावर शाबूत राहिला आणि गाडगं मात्र रिकामं झालं. फोनच्या बाबतीत मला तीच भीती वाटते. वस्तू आपल्या खिशात, पैसे आपण मोजलेले, आणि चालू-बंद करण्याची कळ भलत्याच्याच हातात. आज ती कळ हप्त्यासाठी दाबली. उद्या दुसऱ्या कारणासाठी दाबणार नाहीत, असं त्या यंत्रात काही नाही.

म्हणून पुढचा फोन घेताना काय बघायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. जमलं तर रोखीने आणि जुना घ्या. तालुक्याच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे चांगला वापरलेला फोन सात-आठ हजारांत मिळू शकतो. घेताना बिल घ्या, *#०६# दाबून आयएमईआय बघा आणि तो बिलावर लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर घरातल्या बाईच्या बचत गटाकडून घ्या. तिथे व्याज लागेल, पण गट तुमच्या फोनला कुलूप लावणार नाही, आणि एखादा हप्ता मागेपुढे झाला तर बैठकीत तोंडासमोर बोलणं होईल. हप्त्यावरच घ्यायचा असेल तर काउंटरवर सही करण्याआधी सरळ विचारा: या फोनमध्ये कंपनीचं कुलपाचं ॲप टाकणार का? किती दिवस थकलं तर बंद करता? बंद केल्यावर कोणते नंबर लागतात? शेवटचा हप्ता गेल्यावर ते ॲप कोण काढून देणार? उत्तरं त्याच बिलाच्या मागे लिहून घ्या. तुमच्या सध्याच्या फोनचंही तसंच. नववा हप्ता गेला की बाकी नसल्याचा दाखला मागा आणि ते ॲप फोनमधून गेलंय ना ते बघा. कर्ज फिटल्यावरही ते तसंच पडून असेल तर ती वेगळी तक्रार.

आणि दुरुस्ती. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. गांधीजींच्या त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. झोपडीत बसून बाईला फार दमणूक न होता तो चालवता आला पाहिजे. वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षं चालला पाहिजे, आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जुने चरखे बघताना मला दर वेळी या अटी आठवतात. यंत्र कसं असावं हे ठरवताना त्या माणसाने आधी वापरणारीचा हात बघितला. आपणही फोन घेताना निदान एवढं विचारू शकतो, की याची बॅटरी, याची काच आमच्या बाजारातला पोरगा बदलून देईल का? सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग कुठे मिळतात ते कंपन्यांनी तिथे द्यावं, अशी त्यामागची कल्पना आहे. मोबाईल त्यात आहेत, शेतीची यंत्रंही आहेत. घेण्याआधी ते बघायला पाच मिनिटं लागतात.

पत्रात तुम्ही लिहिलंय, “आपल्यासारख्यानं बोलून काय होते?” डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट सांगते. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून टाकून द्यावं असा आदेश दूरसंचार खात्याने काढला होता. ॲप चोरीच्या फोनचा शोध घ्यायला उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नव्हता. वाद सक्तीचा होता. लोक बोलले, विरोधक बोलले, आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. ज्याला हवं तो ते ॲप आजही घेऊ शकतो. सरकारला माघार घ्यावी लागते, तर हप्त्यावर फोन विकणाऱ्या कंपनीला एका लेखी तक्रारीचं उत्तर द्यावं लागणारच.

वडिलांना सोबत बसवूनच ते पत्र लिहा. त्यांच्या समोर, त्यांना वाचून दाखवत. बहिणीच्या सासरच्या फोनचं वाक्य आलं की त्यांना काय वाटतं ते विचारा. मला वाटतं, तिथे ते ‘सोसाच लागते’ म्हणणार नाहीत.

आणि कुलूप निघालं की त्याच मिनिटाला, हप्त्याची पुढची तारीख बघण्याआधी, व्हॉट्सॲप उघडण्याआधी, ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आधी बाहेर काढा. एक प्रत मेमरी कार्डवर घ्या आणि ते कार्ड फोनमधून काढून आईच्या पेटीत ठेवा. एक बहिणीला पाठवा. एक गावातल्या सेतू केंद्रातल्या पोराला सांगून पेन ड्राइव्हवर घ्या. ओव्यांचे शब्द वहीतही उतरवा. वडिलांना विचारून विचारून लिहा. त्यांना काही कडवी जास्तीची आठवतील.